दुसरा डोळा

पेणजवळच्या हमरापुरातल्या कारखान्यांत गणपतीची मूर्ती कुणीही घासो, अंगाचा रंग कुणीही मारो, डोळे मात्र ज्याचा हात बसलाय त्यानेच काढायचे. या कामाला आखणी म्हणतात. दत्तात्रेय म्हात्र्यांनी आखणी केलेल्या गणपतीसमोर कुठेही उभं राहा, तो तुमच्याकडेच बघणार. पंचवीस वर्षं हीच त्यांची ओळख, आणि घरची चूलही तिच्यावरच पेटत होती.

चैत्रात ते गुपचूप रोह्याला गेले. कोपरांवर आणि डोक्यात सोरायसिसचे चट्टे उठले होते, खवले गळत होते. पेणमध्ये डॉक्टर काय कमी होते? पण चट्टेवाल्या हाताचा गणपती घरी कोण नेणार, ही धास्ती. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे गिऱ्हाइकाला कोण समजावत बसणार.

रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी चट्ट्यांपेक्षा नखंच जास्त वेळ पाहिली. त्यांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते.

“सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का?”

“नाय,” दत्तात्रेय म्हणाले.

आखडत होती, फाल्गुनापासून रोज. पण हो म्हटलं तर बाई हात थांबवायला लावतील, आणि हंगाम तोंडावर आलेला.

“नीट आठवा. सोरायसिस नुसता कातडीवर राहील असं नसतं. सांध्यांत शिरू शकतो. बीपी, साखर, हृदय, सगळ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. सांधा वाकडा झाला की पूर्वीसारखा होत नाही. वेळेत औषध सुरू केलं तर आवरता येतं. बोटं दुखली तर त्याच आठवड्यात या.”

“गणपती होऊ द्या, मग येतो.”

हमरापुरात लग्नाची बोलणी, घराची कौलं, दाढदुखी, सगळंच गणपतीनंतरवर ढकलतात. आजारालाही तीच तारीख देऊन दत्तात्रेय मोकळे झाले.

मलमाने चट्टे विरले. स्वारी खूश. मात्र कामाला बसण्याआधी कोमट पाण्याच्या टोपात हात बुडवून ठेवणं वाढत गेलं. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. आषाढात आखणी अकराशिवाय सुरू होईना. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून शेंड्यापर्यंत सुजून गाजराएवढं झालं. शेजारी बसून सोंडा रंगवणाऱ्या ऋतुजाने, त्यांच्या मुलीने, बोटाला काय झालं ते एकदा विचारलंच.

“शाडू गार असतो गो,” ते म्हणाले.

आखणी करणाऱ्याचा हात शाडूत कितीसा जातो, हे तिला ठाऊक होतं. तरी ती पुन्हा सोंडेकडे वळली, आणि तिथेच चुकली.

श्रावणात एके दिवशी पनवेलच्या गिऱ्हाइकाची मूर्ती न्यायला संध्याकाळी टेम्पो येणार होता. दुपार कलता दत्तात्रेयांनी दुसरा डोळा पुरा केला.

“समोर फिर गो.”

ही त्यांची रीत होती. मुलीने मूर्तीपुढून चालायचं आणि गणपती बघतो का ते सांगायचं. ऋतुजा डावीकडे सरकली, मग दाराशी गेली आणि तिथेच थांबली.

“एक डोला बघतो, आबा. दुसरा भलतीकडंच हाय.”

“पूस. परत काढतो.”

तिने फडक्याने बुबुळ पुसलं आणि ब्रश त्यांच्या हातात दिला. तो खाली पडला. तिने उचलून पुन्हा दिला, पुन्हा पडला. बोट मिटतच नव्हतं.

“आबा, बोटं सकाळी आखडतात ना तुमची?”

“व्हय गो,” ते म्हणाले. “सकाळचीच आखडायची.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते.