पडदा काळा असल्यास

«पडदा काळा असल्यास प्रथम विद्युतपुरवठा तपासावा.»

तपासला. पाच व्होल्ट, ठणठणीत. बोर्डावरचा लाल दिवा जळतोय आणि टीव्हीचा पडदा मात्र अमावास्या.

काल संध्याकाळी हाच किटचा कॉम्प्युटर चालला होता. तळहाताएवढा बोर्ड, त्यावर एक मोठी चिप. कीबोर्डवर नाव दाबलं की टीव्हीवर उमटायचं. आज खंडेनवमी. पाच वाजता पालक बघायला येणार, पटलं तर उद्या दसऱ्याला मुलांचा इलेक्ट्रॉनिक्सचा क्लास सुरू. नाही पटलं तर अर्शीला परत त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जायचं होतं, जिथं मुलं न केलेल्या प्रयोगांचे आकडे एकमेकांचे बघून उतरवत आणि ती गुमान सही करत असे.

क्लास दोघांचा. हॉल सिद्धूच्या घरचा, अक्कल अर्शीची. ही वाटणी तिने मनातच केली होती, सिद्धूला कळवली नव्हती.

«चिप उलटी बसली नाही ना, हे पाहावे.»

नाही बसली. किटची पुस्तिका लिहिणाऱ्यालाही वाचणारे कोण असतील याची कल्पना होती म्हणायची. अर्शीने चिप काढून दुसरी बसवली. अमावास्या कायम.

"रात्री हात लावलास ना याला?" तिने विचारलं.

सिद्धू झब्ब्याच्या बाह्या सारख्या करत होता. पालकांवर छाप पाडायची त्याची तयारी तेवढीच. "एकच सोल्डरचा टाका परत मारला. जरा ओबडधोबड दिसत होता की."

"दिसत होता! लग्नाला उभं करायचंय का त्याला?"

"चिडू नको गं. पीसच खराब असंल."

«सर्व टाके भिंगातून तपासावेत.»

सिद्धूचे टाके बघायला भिंग लागत नव्हतं. सोलापुरातल्या कुठल्याही मिठाईवाल्याने ओळखले असते, पेढेच ते. अर्शीने एकेक वितळवून पुन्हा केला आणि प्रत्येकावर काहीतरी बोलली. "हा बघ, हा टाका आहे की गळू?" सिद्धू हसत राहिला. त्याला लागत नाही, याचाच तिला जास्त राग यायचा. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. सिद्धूला तो मार कधी बसलाच नव्हता.

पाच वाजले. पालक आले. पुढच्या खुर्चीत बसलिंगप्पा, गल्लीतले सगळ्यांच्या आधी बोलणारे गृहस्थ. "काय मॅडम, शिनेमा कधी सुरू हुणार?"

«वरील सर्व ठीक असल्यास क्रिस्टलचे ठोके तपासावेत.»

क्रिस्टल म्हणजे चिपशेजारचा दोन पायांचा चकचकीत डबा. तो ठोके देतो, त्या ठोक्यांवर चिप चालते. अर्शीने मीटरची टोकं लावली. ठोका नाही. तिने बोर्ड दिव्याखाली तिरका धरला.

डब्याखाली लाल ओल होती. दोन्ही पायांना जोडणारी, अजून न वाळलेली.

सकाळी सिद्धूच्या आईने, काशम्मांनी, पाटावर सगळी हत्यारं मांडून पूजा केली होती: सोल्डरिंगची इस्त्री, मीटर, पक्कड, आणि हा बोर्ड. त्यात अर्शीला वावगं काही वाटलं नव्हतं. तिचे अब्बा लालसाब आपल्या टेम्पोला आजच्या दिवशी स्वतः झेंडूची माळ घालतात. पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं बोट धरून काशम्मांनी विचारलं होतं, "पोरी, ह्याला कुटं लावू गं?" आणि अर्शीनेच मोठ्या कौतुकाने डबा दाखवला होता. "इथं लावा काकू. हे याचं काळीज."

दिवसभर टाक्यांना पेढे म्हटलं, आणि खरा पेढा, बिघाडाचा, वाटला होता तिनेच.

स्पिरिट आणि जुना ब्रश, एवढं पुरे होतं. पण ते हातात घेऊन म्हणायचं काय? कुंकवामुळे बंद पडलं? अर्शी लालसाब शेख हिने, सणाच्या दिवशी, काशम्मांनी लावलेलं कुंकू पुसलं? हे वाक्य बसलिंगप्पांच्या तोंडातून गल्लीत कसं फिरलं असतं, हे तिला सांगायला कुणी नको होतं. कोपऱ्यात काशम्मा हात जोडून उभ्या होत्या, पोराची इभ्रत राहू दे म्हणून. त्यांच्यासमोर तर नाहीच.

"सापडलं," अर्शी म्हणाली. "टाका कच्चा होता. माझाच."

सिद्धूने मान वर केली. टाका कच्चा नव्हताच, हे त्याला कळलं असावं. इतपत त्याला कळायचं. तो पुन्हा बाह्यांकडे वळला.

ती पाठमोरी झाली, स्पिरिटने घासलं, फुंकर मारून वाळवलं, वायर लावली. पडदा निळा झाला. टाळ्या पडल्या. काशम्मा म्हणाल्या, "पावलं गं बाई!"

बसलिंगप्पांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या थांबवल्या. "मॅडम, राग मानू नगा. तुमचाच टाका कच्चा, तर आमच्या पोरांना काय शिकवणार तुमी? मोठ्या पोरांना सरांनाच घेऊ द्या की."

माना हलल्या. ज्यांना प्लस-मायनस कळत नव्हतं, त्यांच्या माना जास्त हलल्या.

अर्शीने सिद्धूकडे पाहिलं. आता तरी.

"व्हय की," सिद्धू म्हणाला. "मोठी बॅच मी घेतो. मॅडम बारक्यांना घेतील. नवीन माणसाकडून होतं असं."

नवीन माणूस.

अर्शीने चालता बोर्ड बंद केला. इस्त्री तापवून क्रिस्टल उचकटला, टेबलावर ठेवला, आणि गरम इस्त्री दांडा पुढे करून सिद्धूला दिली.

"मग पहिला धडा आत्ताच होऊ द्या, सर. हा परत बसवून कॉम्प्युटर चालू करून दाखवा. सगळे आहेत, बघतील."

सिद्धू हसला. या वेळी सोबत कुणी हसलं नाही.

बसलिंगप्पांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "दावा की, सर."