दोन ते अडीच

बंदूक घरी आली आणि नवव्या दिवशी देश बंद झाला.

मार्च २०२० ची गोष्ट. त्याआधी वर्षभर मी नेमबाजीच्या क्लबात जात होते, क्लबच्याच बंदुकीवर शिकत होते. मग अर्ज, चौकशी, पोलिसांना घर दाखवणं. फेल्डहोवनच्या आमच्या घरात जिन्याखाली, जिथे माझे यजमान दिनकर असताना त्यांच्या छत्र्या ठेवायचे, तिथे भिंतीला बोल्टने आवळलेली लोखंडी तिजोरी बसली. तिच्यात माझी पॉइंट टू टू रायफल आणि वेगळ्या कुलपात गोळ्या. तिजोरी तपासायला आलेल्या तरुण डच पोलिसाने जाता जाता अदबीने विचारलं होतं, "मेव्हराव, एकोणसत्तराव्या वर्षी बंदूक कशाला?"

"एक काम अर्धवट राहिलंय," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. कॉलेजात असताना मी एन.सी.सी.त होते. पाषाणकडच्या रेंजवर पहाटे ट्रकमधून नेत. दोन्ही वेण्या टोपीखाली कोंबायच्या, ताडपत्रीवर पालथं पडायचं. दव पडून ताडपत्री ओली असे, तिला घासलेटाचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास येई. आमचे हवालदार साताऱ्याकडचे. पाठीमागून हळू आवाजात म्हणायचे, "गोळी जायच्या आधी मन जाऊ देऊ नका, ताई." एकदा माझ्या पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लागल्या. हवालदारांनी निशाण्याचा तो पुठ्ठा सगळ्यांना फिरवून दाखवला. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, त्यानंतर तीन वर्षांनी दिनकरना आइंडहोवनला नोकरी लागली. मी सुटकेसमध्ये पोळपाट-लाटणं घेऊन इथे आले. तो पुठ्ठा माहेरी राहिला आणि कुणीतरी रद्दीत घातला.

माझी स्वतःची बंदूक आली त्याच आठवड्यात मला सर्दी झाली. आमच्या ब्राबंट प्रांतात तेव्हा शिंकलं तरी घरात बसा असं सांगितलेलं. क्लबचा पहिला गुरुवार घरात गेला, दुसरा येईपर्यंत क्लबला कुलूप. म्हणजे माझ्या बंदुकीतून मी एकही गोळी झाडलेली नव्हती.

आणि मला घाई होती. फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या डोळ्याचा फोटो पडद्यावर दाखवला होता. मध्यभागी एक पुसट डाग होता. डावा उत्तम होता. उजव्याचा मधला भाग मात्र फार दिवस टिकणार नाही, म्हणाले. "किती दिवस?" तर खांदे उडवले. मी नेम उजव्या डोळ्याने धरते. हे मी लेकीला सांगितलं नाही. ऋजुताला कळलं असतं तर तिने आधी गाडीची किल्ली काढून घेतली असती, मग तिजोरीची. फक्त कुमुदिनीला फोनवर सांगितलं. कुमुदिनी आर्नहेमला असते. पंचेचाळीस वर्षांची मैत्रीण, तीही नवऱ्यामागून आलेली, तीही आता एकटी.

एप्रिलभर मी जागा शोधत होते. सकाळी उठून आधी डावा डोळा झाकायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायची. वाचता आली की चहा. मग फोन. जवळचे क्लब सगळे बंदिस्त जागेतले, म्हणून बंद. एक मोठं खाजगी रेंज होतं, तेही बंद, आणि उघडं असतं तरी तासाचे पैसे ऐकून मी फोन ठेवला असता. बेल्जियम आमच्यापासून वीस किलोमीटर, पण सीमेवर रस्त्यातच सिमेंटचे ठोकळे आणून टाकलेले. भाजीवाल्या शेतकऱ्याने तर सरळ सांगितलं, "माझ्या शेडमध्ये मार. कोण ऐकतंय?" दोन दिवस ती शेड माझ्या डोक्यातून गेली नाही. पण परवान्यात स्वच्छ लिहिलेलं, मान्यता असलेल्या रेंजवरच. शेडमधली एक गोळी आणि सगळंच गेलं असतं.

मे महिन्यात उघड्यावरच्या खेळांना परवानगी मिळाली, आणि आर्नहेमपलीकडे झाडीत एक लहानसं उघडं रेंज सापडलं. पाहुण्यांना दहा युरो. चारच जागा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या. मला बुधवारी दोन ते अडीच मिळाले. त्यापुढचे तीन आठवडे भरलेले.

"आई, गन पळून जाते का? जूनमध्ये जा ना," ऋजुता म्हणाली. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी सगळं समजतं, बोलते आपल्या पद्धतीने.

"जूनमध्ये पाऊस असतो."

"इथे नेहमीच पाऊस असतो."

शेवटी तीच गाडी चालवायला तयार झाली. एकटी मी हायवेवर जाते हे तिला त्याहून नको होतं. मी रायफल पेटीत बंद केली, पेटी डिकीत ठेवली, गोळ्या वेगळ्या. आणि मांडीवर स्टीलचा डबा घेतला.

"डब्यात काय?"

"बेसनाचे लाडू. कुमुदिनीला."

"नाही." ऋजुताने गाडी सुरूच केली नाही. "मी रूल्स वाचलेत. घर ते रेंज, स्ट्रेट. मध्ये थांबायचं नाही. सुपरमार्केटला पण नाही."

"कुमुदिनी काय सुपरमार्केट आहे? तिचं घर रस्त्यात आहे."

"रस्त्यापासून चार किलोमीटर आहे!"

"अकरा आठवडे तिने माणूस बघितलेलं नाही, ऋजू. आर्नहेमवरून जायचं आणि तिच्याकडे थांबायचं नाही? दोन मिनिटं. डबा द्यायचा, हात हलवायचा."

"डू नॉर्माल, आई," ती डचमध्ये म्हणाली, म्हणजे वेडेपणा पुरे, आणि तिने किल्ली फिरवली.

एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही कुमुदिनीच्या इमारतीखाली होतो. ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी. केस पांढरेशुभ्र झाले होते, रंग लावणारी बाई येत नसणार. तिने दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडली, गिरगावात सोडत तशी. मी डबा ठेवला, पिशवी वर गेली.

"वर ये गं, दारातून तरी बोल!"

"नाही येता येत. सामान आहे गाडीत."

"मग ऋजुताला बसव गाडीपाशी."

तेही चालत नव्हतं. परवाना माझ्या नावाचा, मी गाडी सोडून जायचं नाही. मी डिकीला टेकून उभी राहिले, आयुष्यात पहिल्यांदाच कायदा मोडत होते आणि तोही अर्धाच.

"बरं, थांब," कुमुदिनी म्हणाली. "रिकामा डबा नाही देणार मी. कोथिंबीरवड्या उकडून ठेवल्यात, तळते फक्त. पाच मिनिटं!"

"अगं नको, डबा राहू दे..."

पण ती आत गेलीसुद्धा.

ऋजुताने घड्याळ बघितलं, मग मला. "मावशीची पाच मिनिटं म्हणजे किती?"

मला माहीत होतं किती. मी सरळ निघून जाऊ शकले असते. डब्याशिवाय निघालो असतो तर पावणेदोनला पोचलो असतो. पण वर स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, तेलाचा वास खाली येत होता. कुणासाठी तरी तळायचं म्हणून बाईने अकरा आठवड्यांनी कढई काढली होती. मी डिकीवर बोटं वाजवत राहिले. दीड झाला. पावणेदोन. एक पोलिसांची गाडी कोपऱ्यावरून वळून गेली, ऋजुता सीटमध्ये खाली सरकली.

"मला का पकडतील, मी ड्रायव्हर," ती पुटपुटली.

"मग सरकतेस कशाला?"

दोनला दहा कमी असताना पिशवी खाली आली. डबा गरम होता. मी दार उघडलं, एक पाय गाडीत टाकला, आणि वरून कुमुदिनीने ओरडून विचारलं. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती सगळ्यांशी ओरडूनच बोलते.

"आणि डोळा कसाय तुझा? अजून दिसतंय का मधलं?"

मी हात हलवला. ऋजुताने गाडी सुरू केली.

हायवेला लागल्यावर ती म्हणाली, "कोणता डोळा?"

"उजवा."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"मावशीला माहीत. मला नाही."

"तू किल्ल्या काढून घेतल्या असत्यास."

तिने वेग वाढवला. शंभरच्या पाटीवर एकशे बारा. ही मुलगी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबते.

दोन वाजून सतरा मिनिटांनी पोचलो. रेंजवरच्या म्हाताऱ्या गृहस्थाने परवाना बघितला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. अडीचला पुढचा माणूस. पेटी उघडून, बंदूक तपासून घेऊन, चटईवर पालथं पडेपर्यंत सात मिनिटं राहिली. गुडघे वाजले. ऋजुता मागे दोन हातांवर उभी होती, मोठी कानझाकणं लावून.

निशाण्याचं काळं वर्तुळ दिसत होतं. पण नळीच्या टोकावरची माशी त्याच्या मध्यावर आणली की दोन्ही नाहीशी होत. धुक्यात कुणी बोट बुडवावं तसं. मी डोळा मिटला, उघडला. पुन्हा तेच. कॅलेंडरवरची तारीख मोठी असते, तिने मला फसवलं होतं. मला उशीर झाला होता, आणि तो आजचा वड्यांचा उशीर नव्हता.

मग मी नजर किंचित वर नेली. डाग वर सरकला आणि त्याच्या खालच्या कडेला वर्तुळ परत आलं, अंधुक, पण होतं. श्वास अर्धा सोडला. हवालदारांचा आवाज आला असं म्हणणार नाही. ताडपत्रीचा वास मात्र आला.

पाच गोळ्या झाडल्या. घाईने नाही.

गृहस्थांनी पुठ्ठा आणून दिला. तीन पांढऱ्यात, इकडेतिकडे. एक काळ्याच्या कडेवर. आणि एक काळ्यात, मध्याजवळ. ते म्हणाले, "पहिल्यांदा स्वतःच्या बंदुकीने? छान." मी डोळ्याचं सांगितलं. ते सांगणं भाग होतं, शेजारी दुसरी माणसं होती, त्यांच्या जिवाचा प्रश्न. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तुमच्या क्लबला कळवा, डॉक्टरांचा कागद द्या. डाव्या खांद्यावर, डाव्या डोळ्याने शिकणारे आमच्याकडे दोघं आहेत. एक तुमच्याहून म्हातारा. पण पहिल्यापासून शिकावं लागतं."

"किती दिवस लागतात?" मी विचारलं.

त्यांनीही खांदे उडवले.

परतताना पुठ्ठा माझ्या मांडीवर होता, त्यावर डबा. ऋजुताने एक हात पुढे केला, मी वडी दिली. तिने खाल्ली. मग दुसरी मागितली.

"मावशीला सांग, मीठ कमी," ती म्हणाली.

"तूच सांग. फोन कर तिला."

आर्नहेमच्या वळणाशी लाल दिवा लागला. ऋजुता थांबली. समोर रस्ता, एक सायकलवाला, हिरवी पाटी. तिने उजवा तळहात उचलला, स्वतःच्या उजव्या डोळ्यावर धरला आणि तशीच समोर बघत राहिली. मग हात काढून डाव्यावर धरला.

दिवा हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. ती हललीच नाही.

"ऋजू," मी म्हणाले, "चल. मध्ये थांबायचं नाही."