धाकट्याचा ताप

"लढ रे माझ्या राजा, लढ. अंगातलं सगळं बळ एक कर."

आईचा तो आवाज माझ्या कानातून कधी गेलाच नाही. मी नऊ वर्षांची होते, धाकटा भाऊ पाच वर्षांचा. हिवताप त्याच्या मेंदूत चढला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला. नंतर कोणीही विचारलं की आई एकच सांगायची, "अशक्तच होतं माझं पोर. तान्हा असताना माझं दूध कमी पडलं." तीस वर्षं झाली, ते दूध अजून कमीच पडतं आहे.

आता मी प्रयोगशाळेत हिवतापावरच काम करते, उंदरांवर. पिंजऱ्यांची खोली मावशी सांभाळतात. या खेपेला दहा-दहाचे दोन गट केले. हिवताप दोन्हींना दिला. एका गटाच्या रक्तातून मात्र एका जातीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी सुई देऊन काढून टाकल्या. ते बिनसैन्याचे आधी जातील, हे मी धरूनच चालले होते. रोज सकाळी आम्ही एकेकाला उताणा करायचो. पटकन पालथा झाला तर ठीक. तसाच पडून राहिला तर आजार मेंदूत पोचला.

सहाव्या दिवशी सगळं उलटंच. सैन्य शाबूत असलेल्यांतले आठ उताणेच राहिले. बिनसैन्याचे दहाच्या दहा टुणकन उलटले आणि मिशा पुसत बसले.

"मावशी, भुसा बदलताना पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या इकडच्या तिकडे झाल्या का हो?"

मावशींनी सावकाश हातमोजे काढले. "मॅडम, सव्वीस वर्षं झाली मला इथं. घरी नवरा बदलून आला तर एक वेळ कळायचं नाही, पण चिठ्ठी बदलली तर कळतं."

"तसं नाही म्हणायचं मला..."

"तसंच म्हणायचंय. कान बघा त्यांचे."

पहिल्याच दिवशी आम्ही प्रत्येकाच्या कानाला खाच पाडतो. बिनसैन्याच्यांना डाव्या कानाला, बाकीच्यांना उजव्या. वीसच्या वीस कान पाहिले. एकही चूक नव्हती. मी मान खाली घातली. "चुकलं माझं, मावशी."

"ते राहू द्या. हे आठ बिचारे कशानं आडवे झाले, तेवढं सांगा."

सांगायला दोन दिवस लागले. त्यांच्या रक्तात हिवतापाचे जंतू इतरांपेक्षा जास्त नव्हतेच. पण मेंदूतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांत त्यांच्या स्वतःच्याच पेशी दाटल्या होत्या. भिंती फाटून पाणी झिरपलं होतं.

"म्हणजे घरातल्यांनीच घर फोडलं?" मावशींनी विचारलं.

"चोराला धरायला धावले, मावशी. जरा जास्तच जोरात."

त्या दुपारी मी लवकर घरी गेले. आई खिडकीशी बसून जुन्या शर्टाची कॉलर उसवत होती. शर्टांच्या कारखान्यातली नोकरी सुटली तरी तिच्या हातांची ती सवय सुटली नव्हती. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं, जपून.

"उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आई. एका प्रयोगानं काही ठरतही नाही. पण धाकटा अशक्त होता म्हणून गेला, असं आता कोणी छातीठोक म्हणू शकणार नाही. कदाचित त्याचं बळच त्याला भोवलं असेल. तुझं दूध कमी नव्हतं पडलं गं."

मला वाटलं होतं, ती रडेल, मग हलकी होईल. तिनं कॉलर बाजूला ठेवली.

"दुधाचं मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "कुणी विचारलं की सांगायला ते बरं पडायचं."

"म्हणजे?"

मी तिचा हात हातात घेतला, तिनं तो सोडवून घेतला नाही.

"ताप संध्याकाळी आला, असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं ना? संध्याकाळी नव्हता आला. सकाळीच अंग पोळत होतं त्याचं. तू शाळेत गेली होतीस. त्या महिन्यात माझे दोन खाडे आधीच झाले होते, तिसऱ्याला घरी बसवायचे. 'आई, जाऊ नको,' म्हणाला तो. मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं, आणि कामावर गेले."