हमरस्त्यापर्यंत दावं

फौजेतून माणूस परत येतो म्हणतात. आमच्याकडं आला तो सत्कारमूर्ती. शिवपुत्र, म्हणजे आमचे हे, सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि तामलवाडीजवळच्या आमच्या गावानं त्यांना उघड्या जीपमधून मिरवलं. ते ठीक. पण नंतर तरी आवरावं की नाही? तरुण मंडळाचे हिंमतराव दिसतील तिथं यांना शाल घालायचे. बारसं असो की बोअरची पूजा, आमचे हे खुर्चीवर. घरातही तीच तऱ्हा. माझे सासरे अप्पा पोटच्या पोराला ‘सुभेदारसाहेब’ म्हणायचे, त्याला कपबशीत चहा द्यायचे आणि स्वतः पितळीतून भुरके मारायचे.

यांचंही काही कमी नव्हतं. सांगितल्याशिवाय हलायचं नाही. जेवायला बसू का, आंघोळीला जाऊ का. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत फाटकावर पहाऱ्याची नोकरी चालून आली, तर तेही अप्पांनाच विचारलं, “अप्पा, जाऊ का ऱ्हाऊ?”

“सायबांना आमी काय सांगावं?” अप्पा म्हणाले.

दोघांनाही एकाच खुंट्याला बांधावं असं वाटलं मला. मला नवरा घरी हवा होता. जन्मभर सुट्टीपुरता मिळालेला माणूस पुन्हा दुसऱ्याच्या फाटकावर उभा करायला मी तयार नव्हते.

त्यातच नवी कालवड घरात आली. आमच्याकडं जनावराचं दावं घरच्या माणसानंच वळायचं असतं. एकानं अंगणात बसून लाकडी चाक फिरवायचं. दुसऱ्यानं कमरेला अंबाडीचा झुपका बांधायचा आणि चाकाला अडकवलेल्या पिळात तंतू जोडत जोडत उलट्या पावलांनी मागं सरकायचं. अप्पा चाकावर बसले, हे चालू लागले. अंगण संपलं. गल्ली संपली. चावडी आली तरी हे आपले मागं मागं चाललेलेच.

मी पळत गाठलं. “अवो, कालवडीचं दावं हाय, हिरीचा दोर न्हाय.”

“चाकावरनं हुकूम आला न्हाय,” हे म्हणाले आणि आणखी एक पाऊल मागं टाकलं.

मी तशीच अंगणात आले. अप्पा निवांत चाक फिरवत होते. “अप्पा, थांब म्हना की त्यांना.”

“चाकवाला बोलत न्हाय, शिवप्रिया. दावं पुरं झालं की चालनारा आरडतो, थांबलो म्हनून. ल्हानपनी त्याला ठावं हुतं.”

“मग म्या सांगते जाऊन.”

“न्हाय. घरची रीत सांगावी लागली तर त्यो पावना. रस्त्यापतूर गेला तर जाऊ दे पुन्याला.”

म्हातारा आणि त्याचा लेक, दोघंही एकाच मातीचे. फडक्यात यांच्या न्याहारीच्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधली आणि निघाले.

तोवर हिंमतरावांनी यांना हेरलं होतं. सुभेदार उलटे चालतायत म्हणजे फौजेची काहीतरी मोठी कवायत असणार, अशी त्यांची समजूत. त्यांनी चालता चालताच शाल घातली आणि भाषणही सुरू केलं. देशाच्या सीमेपासून ते आमच्या पाणंदीपर्यंत आले. मागून ट्रॅक्टर आला तेव्हा मंडळाच्या लोकांनी पीळ डोक्यावर उचलून धरला आणि त्याला खालून वाट दिली. एक शेळी अंबाडी चघळायला लागली, तिलाही हिंमतरावांनी हात जोडले.

वेशीबाहेर अंबाडी संपली. “रसद संपली,” हे मला म्हणाले. मी हलले नाही. संपली तर थांबतील, असा माझा हिशेब. यांनी खांद्यावरची शाल दातांनी फाडली आणि तिच्या पट्ट्या पिळात जोडायला सुरुवात केली. हिंमतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी मंडळाच्या कपाटातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या शाली मागवल्या. मग काय, दावं निघालं लाल, केशरी, जरीच्या काठाचं.

हमरस्ता आला. सोलापूरची एसटी उभीच होती, पुण्याला जायचं तर तीच वाट. कंडक्टरनं दारातून विचारलं, “यायचंय का?”

यांनी माझ्याकडं पाहिलं. “काय सांगू?”

अस्सा राग आला. पण जीभ आवरून मी मैलाच्या दगडावर बसले, फडकं सोडलं आणि यांच्या भाकरीचा तुकडा मोडला. पहाटेपासून यांच्या पोटात काही नव्हतं. मी सावकाश खात होते, भूक नसताना. हे गावाकडं बघत, मग एसटीकडं, मग माझ्या हाताकडं. एक भाकरी संपली. मी दुसरी घेतली.

“चटनी ऱ्हाईली का?” यांनी विचारलं.

मी फडकं माझ्याकडं ओढून घेतलं.

यांनी एक पाऊल मागं उचललं आणि ते तसंच अधांतरी राहिलं. मग कुठून आवाज आला कोण जाणे, लहान पोरागत गावाकडं तोंड करून हे ओरडले, “अप्पा, थांबलो!” कंडक्टरला म्हणाले, “जावा तुमी.” माझ्याशेजारी बसले आणि न विचारता माझ्या हातातली भाकरी घेतली. मी रडले. यांना सांगितलं, चटणी तिखट आहे.

एवढ्या लांबून अप्पांना काय ऐकू जाणार? पण यांनी सोडलेला पीळ तिकडं चाकाशी सैल पडला आणि त्यांनी चाक थांबवलं.

घरी आलो तर अप्पांनी आम्ही गोळा करून आणलेल्या दाव्याच्या ढिगाऱ्याकडं पाहून नुसतं नाक मुरडलं. त्यातला एक तुकडा तोडला, दुमडून पीळ दिला आणि कालवड बांधली. गळ्यात जरीचं दावं घालून ती गोठ्यात नवरीसारखी उभी राहिली.

“शिव्या,” अप्पा लेकाला म्हणाले, “शेन काढ.”

यांच्या टाचा जुळत आल्या होत्या. पण हे भिंतीला टेकून खाली बसले.

“च्या पिऊन काढतो.”

अप्पांनी स्वतःची पितळी यांच्यापुढं सरकवली आणि कपबशी उचलून माझ्या हातात दिली. “फळीवर ठिव. पावना आला की लागंल.”