दोन तास कोणी बोलायचं नाही

मी एक संगणक. वय बारा वर्षं, म्हणजे आमच्यात पणजोबाच म्हणायचं. तरी सांगतो, गेल्या वर्षभरात मला जेवढे धक्के बसले, तेवढे आधी उभ्या जन्मात बसले नव्हते. अजून माझा पंखा धडधडतो.

माझं तरुणपण मालवणच्या बाजारातल्या एका कॉम्प्युटर क्लासात गेलं. मुलं माझ्यावर फुलांची चित्रं काढायची, आपलं नाव लाल-हिरव्या अक्षरांत लिहून खूश व्हायची. मान होता मला. मग क्लास बंद पडला आणि आम्हा चौघांना पोत्यांत भरून भंगारवाल्याच्या दारात टाकलं. पोत्यांत! तिथून आम्हाला संचिताने उचललं.

संचिता बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. आई चार वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे वाडीतल्या घरात ती आणि तिचे वडील दत्ताराम, अशी दोघंच. तिला बिग डेटा क्लस्टर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परीक्षा द्यायची होती. नाव ऐकूनच मी गार पडलो. अर्थ मात्र साधा निघाला. पुष्कळ संगणक एकत्र जोडायचे, त्यांच्याकडून मोठं काम करून घ्यायचं आणि मध्येच एखादा बंद पडला तरी काम अडू द्यायचं नाही. महिनाअखेरपर्यंत ती पास झाली तर पुण्याची एक कंपनी तिला घेणार होती. नाही तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

तिने आम्हा चौघांना तारांनी जोडलं. मला पडदा आणि कॅमेरा, म्हणून मी टेबलावर. बाकीचे तिघे खाली. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी तिचा सराव चाले. प्रत्येक माहिती तिघा-तिघांकडे ठेवायची आणि मग, सांगतानाही कसंसंच होतं, चालत्या कामात एकाची वायर उपटायची! का, तर बाकीचे सांभाळून नेतात की नाही ते बघायला. एरवी ही मुलगी मुंगीलाही पाय लागू द्यायची नाही. पहिल्यांदा माझा सोबती असा धपकन गेला, तेव्हा पुढची वायर माझीच, असं म्हणून मी दिवस मोजू लागलो.

दत्ताराम दारात उभे राहून बघायचे.

"ह्या काय चाललाहा गो? चालता मशीन बंद करतंस आणि परत चालू करतंस!"

"सराव आसा तो, बाबा."

ते मान हलवून काजूच्या बागेकडे निघून जायचे. पुण्याचं नाव निघालं की विषय बदलून बाजारात आज कुठली मासळी आली त्यावर यायचे. आपण गेलेलं त्यांना नको आहे, असं संचिता धरून चालली होती. मीही तेच धरून चाललो होतो.

परीक्षा घरूनच, माझ्यासमोर बसून द्यायची होती. रविवारी दुपारी तीनला. दूर कुठल्याशा देशातला परीक्षक माझ्या कॅमेऱ्यातून तिच्यावर नजर ठेवणार होता. खोलीत दुसरं माणूस नको, कानावर दुसरा आवाज नको, असा कडक नियम होता.

"बाबा, दोन तास हय कोण येवचा नाय. आणि कोण बोलूचा नाय."

"बरा," दत्ताराम म्हणाले.

पहिला तास झकास गेला. आठांतली पाच कामं झाली. आणि बाहेर खळ्यातून, म्हणजे आमच्या अंगणातून, खणखणीत आवाज आला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आमच्याकडे कुठल्याही मोठ्या कामाला वडीलधाऱ्याने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा, अशी रीत आहे. दत्ताराम तुळशीपुढे नारळ ठेवून उभे होते आणि दुजोऱ्याला त्यांनी शेजारचा बाबली आणि तुळसाकाकी यांना बोलावलं होतं.

"माझ्या चेडवान, संचितान, जा काम हाती घेतल्यान, ता तडीस ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

संचिता पांढरीफटक पडली. उठून थांबवावं, तर खुर्ची सोडली की परीक्षा बाद. तेवढ्यात माझ्याच पडद्यावर लाल चौकट आली: बाहेरून उत्तरं सांगितली जात असल्याचा संशय आहे, परीक्षा थांबवत आहोत. माझ्याच पडद्यावर! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाहेर गाऱ्हाणं चालूच होतं, पण ते ऐकायला ती भानावर होती कुठे?

ती धावत खळ्यात गेली. "बाबा, मी सांगलंय मां, कोण बोलूचा नाय!"

"मी खंय बोललंय? गाऱ्हाणा घातलंय!"

खरंच, त्यांच्या लेखी ते बोलणं नव्हतंच. काय घडलं ते कळलं तेव्हा ते पायरीवर मटकन खाली बसले.

दोन दिवसांनी परीक्षेवाल्यांचं पत्र आलं. सोबत त्या आवाजांचं रेकॉर्डिंग. कोण काय बोललं ते शब्दन्‌शब्द इंग्रजीत लिहून पाठवा, मग विचार करू. संचिता माझ्यासमोर बसली आणि एकेक ओळ ऐकून लिहू लागली. शेवटी दत्तारामांची एक ओळ आली.

"तिच्या वाटेत जो कोण आडो येयत, तेका बाजूक कर रे म्हाराजा! आणि मीच आडो येत असान, तर माकाच बाजूक कर रे म्हाराजा!"

यावर मात्र बाबली आणि तुळसाकाकी गप्प राहिले होते.

तिने ती ओळ पुन्हा लावली. पुन्हा एकदा लावली. मागे दत्ताराम येऊन उभे होते.

"ता शेवटचा काढून टाक गो."

"काढलंय तर ते म्हणतले, लपवल्यान."

"मगे ऱ्हवांदे," म्हणून ते वळले. लेकीला जे कधी सांगितलं नाही, ते आता कोणी परका माणूस वाचणार होता. तिने डोळे पुसले आणि ओळ तशीच लिहिली.

आठवड्याने पुन्हा परीक्षा द्यायची परवानगी मिळाली. त्या दुपारी दत्ताराम दूर समुद्रावर जाऊन बसले. संचिता पास झाली आणि पुण्याला गेली.

आता खालचे तिघे बंदच असतात. दर रविवारी बाबली येऊन मला चालू करतो आणि माझ्या पडद्यावर संचिता येते. "बाबा, जेवलास?" दत्ताराम नुसती मान हलवतात. "बाबा, बोल मां!" ते माझ्या कॅमेऱ्याकडे बघतात आणि ओठांवर बोट ठेवतात. बाबली खोकला तरी त्याला हात धरून बाहेर नेतात. पलीकडे ती डोळे पुसत बसते. हे पाहून मला जो धक्का बसतो, त्यापुढे ते पोतं काहीच नव्हतं.

मला तोंड नाही. तुम्ही कोणी आमच्या वाडीत आलात, तर त्यांना माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, दत्ताराम, परीक्षा संपली.