चौकातली चार मिनिटं

मी कॅलेंडरसाठी गावोगावचे फोटो काढतो. पूल, मनोरे, कमानी, चौक. वर्षातले सात महिने बाहेर असतो, घरी गेलो की बायको म्हणते, "या पाहुणे." कंपनीचा नियम एकच, फोटोत माणूस नको. आता भर चौकातून माणसं हाकलणार कशी? त्याला युक्ती आहे. लेन्सपुढे जवळजवळ काळी काच लावायची आणि शटर चार मिनिटं उघडं ठेवायचं. चालणारा माणूस उमटतच नाही, इमारत तेवढी राहते. कुणी खांबासारखं उभं राहिलं तर मात्र येतं, आणि माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी घड्याळाच्या मनोऱ्यासमोर एक बाई अशीच उभी राहिली.

"ओ बाई, सरका की! एवढा मोठा चौक पडलाय, नेमकी हीच जागा सापडली?"

ती सरकायचं सोडून जवळ आली. पन्नाशीची असावी, हातांवर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग. "कॅलेंडरवाले ना तुम्ही? अकरा वर्षांपूर्वीही तुम्हीच आला होतात?"

"आलो होतो. मग?"

"थांबा हं, जाऊ नका." समोरच्या लॉन्ड्रीत ती धावत गेली आणि घड्या पडून मऊ झालेलं एक पान घेऊन आली. माझाच फोटो, याच चौकाचा. "घड्याळ बघा, भाऊ."

बघितलं आणि ओशाळलो. तासकाटा आठावर होता, मिनिटकाटा नव्हताच! माणसं गाळायच्या नादात ते ना मला दिसलं, ना कंपनीतल्या कुणाला.

"दुरुस्तीला काढला होता. सकाळी उतरवला, संध्याकाळी बसवला. तेवढा एकच दिवस," ती म्हणाली. "त्याच दिवशी आठ वाजता माझा मुलगा भांडून गेला. या चौकातूनच. गेला तो गेलाच, परत आला नाही."

"कशावरून भांडला?" मी आपलं विचारलं.

"शर्टावरून. गिऱ्हाइकाचा, धुवायला आलेला. हा घालून मिरवून आला. मी चारचौघांत थोबाडीत दिली. एकोणीस वर्षांच्या पोराला मारतात का हो?"

तिनं हातानं चौकाची दोन टोकं दाखवली.

"डावीकडे स्टेशन, उजवीकडे नदीचा पूल. पोलिसांनी विचारलं, कुठल्या बाजूला गेला? मला कुठं ठाऊक! रागानं पाठ फिरवून इस्त्री करत बसले होते. हा फोटो भिंगाखाली धरून धरून डोळे गेले माझे. छपाईत पुसट झाला असेल तो. तुमच्याकडे मूळ फोटो असेल ना? त्यात बघून सांगा. तोंड कुठल्या बाजूला होतं, एवढंच."

'स्टेशनकडे' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण अकरा वर्षं भिंग घेऊन बसलेल्या बाईशी खोटं बोलवेना.

"ताई, तो मूळ फोटोतही नाही. चालणारं माणूस यात येतच नाही." काळी काच तिच्या हातात देऊन सगळं समजावलं. मग तेही सांगितलं, जे आजवर कुणाला सांगायची वेळ आली नव्हती. काच लावण्याआधी मी एक साधा फोटो काढतो, चौकट नीट बसलीय का बघायला. त्यात येणारेजाणारे सगळे असतात. संध्याकाळी खोलीवर गेलो की तो कचरा म्हणून पुसून टाकतो.

ती रडली नाही. काच उन्हाकडे धरून बघत राहिली.

"उभं राहिलेलं येतं म्हणालात?"

"येतं."

"मग मला काढा. स्टेशनकडेच गेला असणार तो. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी भिंतीवर बघेल. यायला तोंड नाही असं वाटत असेल त्याला. आई वाट बघतेय, एवढं तरी कळेल."

चौकाच्या मधोमध ती उभी राहिली. लोक वळसा घालून जात होते, एकाची पिशवीही तिला लागली. बाई तसूभर हलली नाही. जन्मभर लोकांना 'सरका, सरका' म्हणत आलो, आणि त्या चार मिनिटांत मनातल्या मनात हात जोडून 'हलू नका हो' म्हणत होतो. माझ्या डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचलं नाही.

"आले का मी?"

"आलात. अगदी स्पष्ट."

कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं. साहेब फोनवर म्हणाले, "बघतो, बघतो." वर्षअखेरीला कॅलेंडर हातात पडलं. चौक लख्ख रिकामा. कॉम्प्युटरवर बसून कुणीतरी तिला पुसलं होतं. साहेबांना मी नाही नाही ते बोललो; म्हटलं, काम गेलं खड्ड्यात. मग तिचा फोटो मोठा करून घेतला आणि पहिली गाडी पकडली.

लॉन्ड्रीत नवं कॅलेंडर आधीच लागलं होतं, चौकाचं पान वर काढून. गुंडाळी काखेत धरून मी दारातच थबकलो. माफी कुठल्या तोंडानं मागायची तेच कळेना.

तिनं इस्त्री बाजूला ठेवली. "एवढ्या लांबून कशाला आलात, भाऊ? तुमची काय चूक त्यात," ती म्हणाली. "मीच हलले असेन."