हात लावायचा नाही

जावईबापूंना यातून काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मिळणार होती एक पिकअप. डिझेलची, जुनी, पण पत्रा शाबूत आणि मागचा हौदा ऐसपैस. गॅरेजवर इंजिनं वाहून आणायला त्यांना अशी गाडी हवीच होती. वर सासूबाईंच्या तोंडचं "जावईबापू होते म्हणून निभावलं" हे वाक्य मिळणार होतं, आणि सासूबाई एखादं वाक्य धरलं की वर्षानुवर्षं सोडत नाहीत. पण खरी गोडी होती ती वेगळ्याच गोष्टीत. ही गाडी घेताना मेहुण्यानं त्यांना विचारलं नव्हतं. घरचा जावई गॅरेजवाला आणि गाडी परस्पर घेतली! तो सल त्यांच्या मनात तेव्हापासून होता. आता तीच गाडी धापा टाकत त्यांच्या दारात यायच्या बेतात होती.

गाडी होती सासूबाईंच्या नावावर आणि चालवत होती सूनबाई. आधी तिचा नवरा, म्हणजे तोच मेहुणा, चालवायचा. खालच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या भरायच्या आणि चढ चढून वरच्या मासळीबाजारात टाकायच्या, हा धंदा. एक लादी उचलताना त्याची कंबर धरली ती सुटलीच नाही. डॉक्टरांनी त्याला फळीवर आडवं केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईनं खिळ्यावरची किल्ली काढली. बाजारातले लोक आधी हसले. बर्फ वेळेवर यायला लागल्यावर हसायचं विसरले.

मग गाडीच चढावर रडायला लागली. मागून काळा धूर, पुढून फुस्स असा आवाज, केबिनमध्ये डोळे चुरचुरवणारा वास. वर पोचेपर्यंत लाद्यांचं निम्मं पाणी रस्त्यावर.

जावईबापू आले, बॉनेट उघडलं, आत बॅटरीचा झोत टाकला, आणि पेशंटच्या नातेवाइकांसमोर डॉक्टर हलवतात तशी मान हलवली.

"टर्बो गेलाय, आई. इंजिनही त्याच वाटेवर आहे. आता हिच्यावर खर्च म्हणजे वेडेपणा. माझ्याकडे लावून टाका, काय करायचं ते मी बघतो. वहिनींनाही जरा आराम मिळेल."

"मला आराम नकोय, भाऊजी," सूनबाई म्हणाली. "मला चढ चढायचाय."

आतल्या खोलीत आडवा पडलेला नवरा खिडकीतून ओरडला, "टर्बो नाही तो! पाइप गेलेत!"

त्याचं म्हणणं साधं होतं. इंजिनातला जळका धूर दोन पाइपांतून मागं जातो आणि टर्बोचं चाक फिरवतो. ते चाक इंजिनात हवा कोंबतं, म्हणून गाडी ओढते. पाइप फाटला की धूर वाटेतच पळून जातो आणि टर्बो बिचारा बसून राहतो. सूनबाईनं ते पडताळूनही बघितलं होतं. सकाळी गार इंजिन सुरू करून मागच्या सांध्याजवळ कागदाची पट्टी धरली, तर ती फडफडली आणि काळी झाली.

"कागदावरून गाड्या कळायला लागल्या तर आम्ही गॅरेज बंद करून रद्दीचं दुकान टाकतो," जावईबापू म्हणाले.

"टाका. आमच्याकडची पहिली पट्टी घेऊन जा."

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही त्यांची सवय, आणि सुनेचा पडला तरी ती तो उचलून परत टेबलावर ठेवते हा त्यांचा अनुभव. शेवटी म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळी मी स्वतः गाडीत बसेन. भरल्या बर्फासकट चढली, तर किल्ली हिची. नाही चढली, तर तुमची. पुन्हा या विषयावर मला डोकं खायला यायचं नाही."

"मला कबूल आहे," सूनबाई म्हणाली. "एवढंच की भाऊजींनी गाडीला हात लावायचा नाही."

"म्हणजे?"

"बघायला या, बसा, बोला, हसा. पण हात लावायचा नाही. तुमचा एक जरी हात लागला, तरी उद्या तुम्ही सगळीकडे सांगाल की मीच करून दिली. मग चालवीन मी आणि हुकूम तुमचा."

जावईबापू मनापासून हसले. "वहिनी, अहो, तुम्ही बोलावलंत तरी लावणार नाही."

शनिवारी सकाळी ते स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. गॅरेज कामगारांवर सोपवलं होतं. फुकट तमाशा रोज कुठे मिळतो?

फाटकाआतल्या फरशीवर गाडी उभी. शेजारी नवे पाइप, नवे बोल्ट, सांध्यात घालायची पॅकिंग, सगळं जुन्या चादरीवर मांडलेलं. सूनबाईनं आदल्या दिवशीच बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारलं होतं. पहिल्या बोल्टला पाना लावला आणि सगळं अंग टाकून ओढला. कट्ट! बोल्टाचं डोकं पान्यात, उरलेलं इंजिनात.

"वा!" जावईबापूंनी टाळी वाजवली. "असेच सगळे तोडा. सोपं जाईल."

"काय चुकलं?"

"काय चुकलं म्हणे! अहो, गंजलेला बोल्ट सोडवायच्या आधी किंचित आवळायचा असतो. आवळा, सोडा, आवळा, सोडा. मूल झोपेतून उठवतात तसा. तुम्ही तर एकदम कानाखालीच मारलीत."

सूनबाईनं मान डोलावली आणि पुढचा बोल्ट आवळा-सोडा करत उठवला. तो निघाला. त्यानंतरचाही निघाला.

मग तिनं एक गोष्ट केली, जी फक्त खिडकीतल्या नवऱ्याच्या लक्षात आली. चौथ्या बोल्टाला तिनं मुद्दाम भलताच पाना लावला.

"अहो, तो नाही!" खुर्ची करकरली. "त्यानं बोल्टाची कडा खाऊन टाकाल. गोटी पाना घ्या, लांब दांडा घ्या, आणि वरून नाही, चाकाच्या बाजूनं जा. वरून तिथं बापजन्मात हात पोचणार नाही."

"असं होय," सूनबाई म्हणाली आणि चाकाच्या बाजूनं गेली.

खिडकीतून खोकल्याचा आवाज आला. खोकला नव्हता तो.

दुपारपर्यंत असंच चाललं. ती चुकीचं काहीतरी उचलायची, आणि जावईबापूंच्या तोंडातून बरोबर ते बाहेर पडायचं. टोमण्यात गुंडाळून यायचं, पण यायचं. कारागिराचं हे असंच असतं. माणसाचं वाटोळं झालेलं तो शांतपणे बघेल, बोल्टाचं झालेलं त्याला बघवत नाही.

तुटलेला बोल्ट मात्र हटेना. प्लंबरकडून आणलेल्या गॅसच्या टॉर्चनं सूनबाईनं तो तापवला, पक्कड लावली, पक्कड घसरली, बोटांची साल निघाली. पुन्हा तापवला. पुन्हा साल.

जावईबापू खुर्चीच्या अगदी कडेवर आले होते. "मेण," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"मेणबत्ती! लाल होऊ द्या, मग मेणबत्ती टेकवा. मेण पातळ होऊन आट्यांत शिरतं. तेल जळून जातं, मेण शिरतं. आई, घरात मेणबत्ती असेल ना?"

सासूबाईंनी मेणबत्ती आणून दिली. बोल्ट लोण्यातून निघावा तसा निघाला. जावईबापूंनी "बघा!" म्हणत मांडीवर थाप मारली, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. ही युक्ती ते गॅरेजमध्ये कामगारांना बाहेर पाठवून करायचे.

संध्याकाळी नणंद, म्हणजे जावईबापूंची बायको, नवऱ्याला न्यायला आली. जुने पाइप फरशीवर पडलेले, त्यातला एक मधल्या लवचिक चुण्यांपाशी उभा फाटलेला, काजळीनं माखलेला. तिनं पाइपाकडे बघितलं, वहिनीच्या काळ्या हातांकडे बघितलं, मग खुर्चीतल्या नवऱ्याकडे.

"अहो, आज काम कुणी केलं?"

"वहिनींनी. मी बोटसुद्धा लावलं नाही."

"बोट नाही लावलंत. जीभ लावलीत. दिवसभर."

जावईबापू उठले आणि बायकोच्या आधी फाटकाबाहेर पडले.

रविवारी ते तोंडाला कुलूप घालून आले. चहाचा कप घेतला, खुर्ची सरळ केली, आणि देवळातल्या मूर्तीसारखे बसले. सूनबाईनं भलताच पाना उचलून बघितला. काही नाही. पॅकिंग उलटी धरली. मूर्ती चहा पीत राहिली.

तिला कळलं, आजचं सगळं आपल्यालाच करायचंय.

तिनं डाव्या बाजूचा पाइप बसवला आणि गच्च आवळला. मग उजव्या बाजूचा, तोही गच्च. आता दोन्ही पाइपांची वरची टोकं टर्बोखाली एकत्र यायला हवी होती. आली नाहीत. दोघांत बोटभर फट. तिनं ढकललं, पहार घालून रेटलं, इंजिनावर उपडी पडून ओढलं. फट तेवढीच.

"पाइप चुकीचे दिलेत का गं?" नवऱ्यानं खिडकीतून विचारलं.

"नाही. मापानं बघून आणलेत."

"मग?"

मग काय, ते तिलाही माहीत नव्हतं. हे मुद्दाम चुकणं नव्हतं, खरंखुरं चुकणं होतं. ऊन फाटकावरून भिंतीवर गेलं. सासूबाईंनी खिळ्यावरची किल्ली काढून हातात घेऊन ठेवली. जावईबापूंची नजर त्या किल्लीवर गेली आणि तिथंच थांबली.

"सूनबाई, पुरे आता," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "करून बघितलंस. कुणी नावं ठेवणार नाही."

"नावं ठेवली तरी चालतील. संध्याकाळ झालेली नाही."

ती आत गेली आणि मोठा हातोडा घेऊन आली. नव्या पाइपाच्या मधोमध, त्या चुण्यांच्या लवचिक भागावर नेम धरला आणि हातोडा खांद्यामागं नेला.

"अहो अहो अहो!" चहाचा कप फरशीवर, खुर्ची आडवी, आणि जावईबापूंच्या दोन्ही हातांत हातोड्याचं डोकं. "वेड लागलंय का? चुण्यांवर हातोडा? सगळे ढिले करा! सगळे! आधी सगळे बोल्ट नुसते हातानं धरवायचे, डावे-उजवे-वरचे. पाइप आपली जागा आपण शोधतात, आणि मग थोडं थोडं सगळीकडून आवळायचं! एकालाच गच्च केलंत तर दुसरा येणार कसा? मी पहिल्या दिवशीच बघितलं, नुसता पाइप फाटलाय, टर्बोला धक्कासुद्धा नाही, आणि तुम्ही नवा पाइपही हातोड्यानं फोडायला निघालात!"

सूनबाईनं हातोड्याचा दांडा सोडून दिला.

"हात लागला, भाऊजी," सूनबाई म्हणाली.

"हातोड्याला लागला. गाडीला नाही."

"पहिल्या दिवशी?" सासूबाईंनी विचारलं.

जावईबापूंनी जीभ चावली, पण ती बोलून झाल्यावर चावली होती. "म्हणजे... अंदाज, आई. आमच्या धंद्यात अंदाज..."

"अंदाज म्हणून नाही सांगितलंत. टर्बो गेला म्हणून सांगितलंत." सासूबाईंनी किल्ली दुसऱ्या हातात घेतली. "असू दे. बोललं ते बोललं. गाडी चढायला तर हवी. सूनबाई, आवर."

सूनबाईनं सगळे ढिले केले. पाइपांनी आपली जागा आपण शोधली. थोडं इकडे, थोडं तिकडे, फेर धरून तिनं सगळे आवळले. इंजिनामागचा शेवटचा बोल्ट दिसतच नव्हता. तिथं डोळे मिटून हात घातला, एक नख ठेचून घेतलं आणि त्या बोल्टाला आपण एरवी छापत नाही असं काहीतरी म्हटलं. सासूबाईंनी ऐकलं आणि ऐकलं नाही.

कारखान्यात गाडी गच्च भरली. केबिनमध्ये सूनबाई आणि मांडीवर पर्स घट्ट धरून सासूबाई. जावईबापू मागं उभे राहिले.

"मीही येतो. बसायचं तर चालेल ना?"

"मागं बसा, बर्फावर," सूनबाई म्हणाली. "हात खिशात."

बसले, हात खिशात घालून. गाडी चढाला लागली तेव्हा फुस्स झालं नाही. त्याऐवजी बॉनेटखालून बारीक शिट्टी आली, टर्बोचं चाक जोरात फिरतंय असं सांगणारी. केबिनमधल्या दोघींना ती कळायच्या आधी बर्फावरच्या माणसाला कळली. अर्ध्या चढावर सूनबाई अजून भीत भीत दुसऱ्या गिअरमध्येच होती. मागून आरोळी आली, "तिसरा टाका! अहो, तिसरा! ओढतेय ती, कशाला कोंडताय तिला?"

सूनबाईनं तिसरा टाकला. गाडी चढून गेली.

वर बाजारात सासूबाई उतरल्या. "किल्ली गाडीतच राहू दे," एवढंच म्हणाल्या. घरचा खिळा त्या दिवसापासून रिकामा आहे.

"भाऊजी, एक विचारू?" लादी खाली घेता घेता सूनबाई म्हणाली. "हातोडा मी खरंच मारला असता, असं वाटलं तुम्हाला?"

ती मारणार होती की नव्हती, हे तिनं अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

आता कुणी किती किंमत मोजली ते बघू. सूनबाईनं बोटांची साल मोजली आणि एक नख, ते अजून काळं आहे. नवऱ्यानं हसू दाबून खोकून खोकून कंबरेत आणखी एक लचक भरून घेतली. सासूबाईंची मेणबत्ती संपली आणि "जावईबापू" म्हणताना आवाज जो मऊ व्हायचा, तो मऊपणाही संपला. नणंदेला घरी टोमणा मारायला एक कायमचा विषय मिळाला. ती एकटीच फायद्यात राहिली.

बाकी सगळं जावईबापूंच्या नावावर. दोन दिवसांचं गॅरेज, मेणाची युक्ती, पहिल्या दिवशीचं ते खोटं, जिची स्वप्नं बघितली ती पिकअप, आणि बर्फावर बसून मागच्या बाजूनं चिंब भिजलेली पॅन्ट, जी घालून त्यांना भर बाजारातून चालत घरी जावं लागलं. शब्द मात्र त्यांनी पाळला. गाडीला शेवटपर्यंत हात लावला नाही.